बदललेले इंजिन, न बदललेला दोष

शाळेच्या स्मरणिकांतून प्राध्यापक, अधिकारी, वकील आणि डॉक्टर झालेल्या माजी विद्यार्थ्यांचे लेख आपण आजवर आवडीने वाचत आलो आहोत. मोटारी दुरुस्त करणाऱ्याने लिहिण्याचा प्रसंग तसा विरळाच. परंतु आपल्या कामातील एखादा अनुभव लिहून पाठवा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, आणि माझे काम हत्यारांच्या पेटीपासून सुरू होऊन तिथेच संपते. म्हणून २००२ साली नाशिकच्या माझ्या गॅरेजमध्ये आलेल्या एका ओम्नी गाडीची हकिकत येथे लिहीत आहे. यंत्राची माहिती नसलेल्या वाचकांनाही ती समजावी, असा प्रयत्न केला आहे.

गाडी १९९० सालची होती. तिचे मालक सकाळी सातपूर-अंबड भागातील मुलांना शाळेत सोडत, दुपारी परत आणत आणि मधल्या वेळेत किराणा मालाची लहानसहान भाडी करत. त्यांची मुलगी तेव्हा आपल्याच शाळेच्या वसतिगृहात राहून सातवीत शिकत होती. त्या ओळखीनेच ते माझ्याकडे आले. वयाने ते मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणे; ते मला मिस्त्री म्हणत.

काकांची गाडी वर्षभर दोन तक्रारी करत होती. पहिली तक्रार धुराची. सायलेन्सरमधून निळसर धूर येई आणि ऑइल वरचेवर भरावे लागे. दुसरी तक्रार झटक्यांची. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, नेमक्या क्षणी प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि त्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. एखाद्या फेऱ्यात मिश्रण पेटलेच नाही, तर तो फेरा वाया जातो आणि गाडी अडखळते. यालाच गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग' म्हणतात. ओम्नीचे इंजिन ७९६ सीसीचे आणि तीन सिलिंडरचे. तिघांनी मिळून ओझे उचललेले असावे आणि एकाने मध्येच हात काढून घ्यावा, तसा तो झटका गाडीतील प्रत्येकाला जाणवतो.

दुसऱ्या एका गॅरेजमध्ये काकांना सांगण्यात आले की, इंजिन संपले आहे, बदलावे लागेल. धुराच्या बाबतीत हे निदान योग्यच होते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजले की ऑइल वर चढते व जळते. त्याचा तो निळा धूर. काकांनी पतसंस्थेतून कर्ज काढले आणि मुंबईतील कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून चौदा हजार रुपयांना त्याच जातीचे 'हाफ इंजिन' आणले. त्यात ब्लॉक, हेड आणि त्यांच्या आतील सारे भाग होते. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, वायरी ही बाहेरची मंडळी जुन्या इंजिनावरून काढून नव्यावर बसवायची असतात. विकणाऱ्याने पंधरा दिवसांची चाचणीची मुदत दिली होती. त्या मुदतीत इंजिनात दोष निघाला, तर तो दुसरे देणार होता.

इंजिन बसले. धूर थांबला. झटके मात्र जसेच्या तसे राहिले. मग त्या गॅरेजने एकेक भाग बदलण्यास आरंभ केला. प्लग नवे, प्लगच्या वायरी नव्या, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर नवा, पॉइंट आणि कंडेन्सर नवा, अखेरीस कॉइलही नवी. आणखी सुमारे तीन हजार रुपये गेले. झटके गेले नाहीत. शेवटी निकाल देण्यात आला की, कुर्ल्याहून आणलेले इंजिनच सदोष आहे. काका माझ्याकडे आले, तेव्हा पंधरापैकी अकरा दिवस उलटून गेले होते.

त्यांची मागणी साधी होती. "मिस्त्री, तुम्ही फक्त त्याला फोन करा. इंजिन खराब आहे एवढंच सांगा. मी सांगितलं तर तो ऐकत नाही; मिस्त्रीनं सांगितलं की ऐकतात."

हे सांगणे मला किती सोपे होते, ते वाचकांच्या लक्षात यावे. इंजिन जुन्या बाजारातले होते आणि विकणारा पावणेदोनशे किलोमीटर दूर होता. मी त्याचा चेहराही पाहिलेला नव्हता. समोर बसलेला माणूस मात्र माझ्या ओळखीचा होता, कर्जात होता आणि त्याची मुलगी माझ्या शाळेत शिकत होती. माझ्या एका वाक्याने त्याचे चौदा हजार वाचण्याची शक्यता होती, आणि माझ्यावर कोणी शंकाही घेतली नसती. जुन्या बाजारातून आलेले इंजिन वाईट आहे, यावर सहसा कोणी पुरावा मागत नाही.

मी म्हणालो, "काका, इंजिन खराब निघालं तर लगेच फोन करतो. पण आधी त्यालाच विचारू द्या. मला दोन दिवस द्या."

काकांना हे रुचले नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मुदतीचे चारच दिवस उरले होते, त्यांतील दोन मी मागत होतो. त्या दोन दिवसांत मुलांना ने-आण करण्यासाठी त्यांना दुसऱ्याची गाडी भाड्याने घ्यावी लागणार होती. तरीही ते किल्ली ठेवून गेले.

माझ्या मनात संशयाचे कारण एकच होते. झटके नव्या इंजिनासोबत आलेले नव्हते. ते नव्या इंजिनाच्या आधीपासून त्या गाडीत होते. येथे मला वसतिगृहातील एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण असा विचार करायला मी तिथेच शिकलो. मी आठवीत असताना आमच्या खोलीतून साबणाच्या वड्या नाहीशा होऊ लागल्या. त्या वर्षी एक नवा मुलगा मध्येच दाखल झाला होता. तो फारसा बोलत नसे आणि त्याच्या गावाचे नावही आम्ही कोणी ऐकलेले नव्हते. तेवढ्यावरून आम्ही त्याला चोर ठरवून मोकळे झालो आणि तक्रार घेऊन गृहपालांकडे गेलो. त्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "हा येण्यापूर्वी साबण जात होते की नव्हते?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. जात होते. दिवाळीच्या आधीसुद्धा दोन वड्या गेल्या होत्या आणि तो मुलगा दिवाळीनंतर आला होता. पुढे कोठीतील धान्याची पोती हलवली, तेव्हा मागे घुशीच्या बिळाजवळ कुरतडलेले साबण सापडले. त्या मुलाने आम्हाला काही ऐकवले नाही. परंतु मधले आठ दिवस तो एकटा जेवायला बसत होता, हे मी अद्याप विसरलेलो नाही.

गृहपालांचा तो प्रश्न गॅरेजमध्ये मला रोज उपयोगी पडतो. एखादी मोठी वस्तू बदलूनही जुना दोष तसाच राहिला, तर दोष बहुधा न बदललेल्या वस्तूत असतो. बदलानंतर दोष प्रथमच दिसू लागला, तर तो बहुधा जोडणीत असतो. एखादी नळी लावायची राहते, इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट नीट बसत नाही आणि तेथून हवा शिरते, प्लगच्या वायरींचा एक-तीन-दोन हा क्रम चुकतो, टायमिंग बेल्ट एक दाता पुढेमागे बसतो, किंवा इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी खालीच पडून राहते. नवी वस्तूही सदोष असू शकते. परंतु ते तपासून ठरवायचे असते, आधीच धरून चालायचे नसते.

म्हणून पहिली तपासणी इंजिनाचीच केली. तिन्ही प्लग काढले आणि त्यांच्या जागी पाळीपाळीने कॉम्प्रेशन गेज लावून इंजिन स्टार्टरवर फिरवले. तीन सिलिंडरांचे आकडे आले १७०, १६५ आणि १७० पीएसआय. वापरलेल्या इंजिनाला हे आकडे चांगलेच होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते एकमेकांच्या जवळ होते. एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसता, किंवा हेड गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधोमध फुटलेले असते, तर एखादा आकडा एकदम खाली आला असता. काढलेले प्लग पाहिले. तिघांच्याही टोकांवर सारखाच फिकट तपकिरी रंग होता. एकच सिलिंडर कायम चुकत असते, तर त्याचा प्लग पेट्रोलने ओला किंवा काळा दिसला असता. टॅपेटचे गॅप फीलर गेजने तपासले. तेही बरोबर होते. इंजिनाने आपली साक्ष दिली होती आणि तीत खोट नव्हती.

संध्याकाळी काका आले, तेव्हा मी त्यांना हे सांगितले. इंजिन चांगले आहे, ही बातमी त्यांना आनंदाची वाटली नाही. त्यांच्या दृष्टीने पैसे परत मिळण्याची वाट बंद झाली होती आणि झटके होतेच. मी त्यांना समोर बसवले आणि विचारले की, गाडी नेमकी केव्हा अडखळते. ते म्हणाले, "कधीही." रोज गाडी चालवणारा माणूस 'कधीही' म्हणतो, तेव्हा त्याला ते कोणी नीट विचारलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ. मी एकेक प्रसंग विचारत गेलो. उभ्या गाडीत इंजिन चालू असताना? नाही. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये? फारसे नाही. रस्ता मोकळा असताना, एका वेगाने जाताना? तेव्हा हमखास. आणि चढावर?

काका थोडे थांबले आणि म्हणाले, "आता विचारलं म्हणून सांगतो. मागच्या रविवारी पाहुण्यांना आणायला कसाऱ्याला गेलो होतो. सात माणसं, वर सामान. सगळा घाट चढून आली, एक झटका दिला नाही. इगतपुरी सोडली, घोटीच्या पुढं सपाट रस्ता लागला आणि सुरू झाली."

या सात-आठ वाक्यांत निदान जवळपास पूर्ण होते. हे कसे, ते थोडक्यात सांगतो. ठिणगी दुबळी असेल, म्हणजे कॉइल, प्लग किंवा त्यांच्या वायरी खराब असतील, तर गाडी सर्वांत आधी चढावर अडखळते. कारण भार वाढला की सिलिंडरमधील दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडण्यास अधिक व्होल्टेज लागते. पेट्रोल कमी पडत असेल, म्हणजे पंप किंवा फिल्टर खराब असेल, तरीही गाडी चढावरच हात टेकते. कारण सर्वांत जास्त पेट्रोल तिथेच लागते. बाहेरची हवा कोठून शिरत असेल, तर इंजिन उभ्या गाडीत, कमी फेऱ्यांवर धडधडते. ही गाडी कसाऱ्याचा घाट सात माणसे घेऊन चढली होती आणि उभी असताना शांत चालत होती. म्हणजे ठिणगीचे बळ, पेट्रोलचा पुरवठा आणि हवेची गळती हे तिन्ही संशयित एका प्रवासात निर्दोष सुटले. गाडी फक्त सपाट रस्त्यावर, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना अडखळत होती. मग त्याच वेळी काम करणारी आणि इतर वेळी स्वस्थ बसणारी वस्तू कोणती?

अशी एक वस्तू त्या काळच्या गाड्यांत असे. तिचे नाव व्हॅक्यूम ॲडव्हान्स. ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे जाते आणि ते सावकाश जळते, म्हणून ठिणगी थोडी आधी पडावी लागते. हे साधण्यासाठी कार्ब्युरेटरपासून एक बारीक रबरी नळी डिस्ट्रिब्युटरपर्यंत येते. सपाट रस्त्यावर इंजिनातील निर्वात ओढ वाढली की त्या नळीवाटे एक पडदा ओढला जातो आणि पडदा डिस्ट्रिब्युटरच्या आतील तबकडी किंचित फिरवतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ओढ कमी होते आणि तबकडी मूळ जागी येते. इंजिन उभ्या गाडीत मंद चालते, तेव्हाही त्या नळीत ओढ नसते. म्हणजे घाटात तबकडी स्थिर, उभ्या गाडीत स्थिर, आणि घोटीच्या सपाट रस्त्यावर फिरलेली. झटक्यांचे वेळापत्रक आणि तबकडीचे वेळापत्रक एकच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना शेजारी बसवून गाडी मुंबई रस्त्याला काढली. त्रिरश्मी लेण्यांचा डोंगर मागे टाकला आणि मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने गाडी धरताच झटके सुरू झाले. गाडी कडेला घेतली, ती रबरी नळी कार्ब्युरेटरकडून काढली, उघडे तोंड बंद केले आणि पुन्हा त्याच रस्त्याने, त्याच वेगाने निघालो. पाच किलोमीटर गेलो, एकही झटका नाही. काका पुढे वाकून रस्त्याकडे पाहत होते, जणू झटका रस्त्यावरच कोठे पडला असावा. मी परत नळी लावली. झटके परत आले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग ती पूर्ववत करून पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली, ते आपल्याला कळत नाही.

गॅरेजमध्ये परतून इंजिन मंद चालू ठेवले आणि नळीचे टोक तोंडात धरून हवा ओढली. निरोगी गाडीत अशा वेळी इंजिनाच्या फेऱ्या थोड्या वाढतात. येथे इंजिन लगेच अडखळू लागले. कॅप उघडून आत पाहिले. पॉइंट नवा होता, कंडेन्सर नवा होता. परंतु बाहेरच्या टर्मिनलपासून त्या पॉइंटपर्यंत जाणारी बोटभर लांबीची वायर मात्र जुनी होती. तबकडीबरोबर तिला दर वेळी वाकावे लागते. बारा वर्षे वाकून वाकून तिच्या आतील तांब्याचे बारीक तंतू तुटले होते आणि वरचे आवरण मात्र अखंड होते. डोळ्यांना ती वायर चांगली दिसत होती. तिच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावला, दिवा लागला. तबकडी बोटाने किंचित फिरवली, दिवा विझला. सोडली, लागला. मी काकांना म्हणालो, "आता तुम्ही फिरवा." त्यांनी चार-पाच वेळा तबकडी फिरवून तो दिवा लावला आणि विझवला.

त्या बोटभर वायरीवर किती भार असतो, तेही सांगण्याजोगे आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असताना तीन सिलिंडरांना मिळून सेकंदाला ७५ ठिणग्या लागतात. म्हणजे पॉइंट सेकंदाला ७५ वेळा उघडतो आणि मिटतो, आणि प्रत्येक वेळी कॉइलचा प्रवाह याच वायरीतून जातो. तिच्या तुटलेल्या तंतूंची टोके क्षणभर जरी एकमेकांपासून दुरावली, तरी त्या क्षणीची ठिणगी गेली. आधीच्या गॅरेजने या वायरीच्या एका बाजूची कॉइल बदलली, दुसऱ्या बाजूचा पॉइंट बदलला आणि इंजिनही बदलले. मधली वायर प्रत्येक वेळी जुन्याकडून नव्याकडे निमूट येत राहिली.

तिच्या जागी बारीक तंतूंची, मऊ वायर झाळून बसवली. येथे जाड किंवा ताठ वायर चालत नाही. ती काही महिन्यांत पुन्हा तुटते. काम अर्ध्या तासाचे होते. दुपारी काका एकटेच गाडी घेऊन घोटीपर्यंत जाऊन आले.

परत आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला अपेक्षित होता. "म्हणजे चौदा हजार फुकटच गेले का?" मी त्यांना खरे ते सांगितले. चौदा हजार फुकट गेलेले नाहीत. जुने इंजिन ऑइल जाळत होते आणि त्याचे काम आज ना उद्या करावेच लागले असते. कॉइल, कॅप आणि वायरींचे तीन हजार मात्र त्या झटक्यांच्या कामी आले नाहीत. त्यांच्या गाडीला दोन दुखणी होती आणि दोघांना मिळून 'इंजिन गेले' असे एकच नाव देण्यात आले होते. एक दुखणे बरे झाले तेव्हा दुसरे उरले, आणि उरलेल्या दुखण्याचा दोष नव्या इंजिनाच्या माथी आला.

मुदतीचा तेरावा दिवस होता. कुर्ल्याच्या व्यापाऱ्याला फोन करण्याचे मी कबूल केले होते, तो मी केला आणि इंजिन उत्तम असल्याचे कळवले. काकांनी आधी दोनदा फोन करून त्याला बरेच बोलून घेतले होते, हे मला तेव्हा कळले. तो म्हणाला की, त्यांच्यासाठी त्याने दुसरे इंजिन बाजूला काढून ठेवले होते. आता ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येईल. एवढेच बोलणे झाले. तो सचोटीचा माणूस होता, हे मला त्या दिवशी समजले. माझ्या एका खोट्या वाक्याचा भार ज्याच्यावर पडणार होता, तो हा माणूस होता.

आधीच्या मेकॅनिकविषयी मी कटुतेने लिहू इच्छित नाही. आमच्या धंद्याची एक अडचण आहे. नवा भाग बसवला की गिऱ्हाइकाला काहीतरी दिसते, जुना भाग हातात देता येतो आणि बिल मागताना संकोच वाटत नाही. दोन दिवस तपासून पाच रुपयांची वायर बदलली, तर दाखवायला काही नसते. मी काकांकडून दोन दिवसांची मजुरी घेतली, तीही दोन हप्त्यांत. आणि ती त्यांनी मनापासून दिली, कारण दिवा त्यांनी स्वतः लावून-विझवून पाहिला होता. तेव्हापासून निदान झाले की मी ते गिऱ्हाइकाला त्याच्याच हाताने करून पाहायला लावतो.

आज ती यंत्रणा इतिहासजमा झाली आहे. कार्ब्युरेटर गेला, पॉइंट गेला, आणि ठिणगीची वेळ आता संगणक ठरवतो. आपल्या देशात १ एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींना दुसऱ्या टप्प्याची ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची व्यवस्था लागू झाली. स्कॅनर लावला की पडद्यावर पी०३०१ असा संकेत येतो. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. पी०३०० आला, तर ते कोणत्याही एका सिलिंडरपुरते नाही. ही सोय मोठी आहे आणि मी ती रोज वापरतो. परंतु स्कॅनर दोष कोठे दिसला ते सांगतो; तो का झाला, ते सांगत नाही. पी०३०१ पाहून पहिल्या सिलिंडरची कॉइल बदलणे, हा जुनाच खेळ नव्या पडद्यावर झाला. जाणता मेकॅनिक पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावून पाहतो. संकेत तिसऱ्याकडे गेला तर कॉइल दोषी; पहिल्याकडेच राहिला तर कॉइल निर्दोष. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

इंजिन बदललेल्या नव्या गाड्यांत तर अधिकच जपावे लागते. संगणक क्रँकशाफ्टच्या वेगातील सूक्ष्म चढउतार मोजून मिसिंग ओळखतो. त्या मोजणीसाठी असलेले दातेरी चक्र वेगळ्या प्रकारच्या इंजिनावरचे असेल, तर संगणकाची मोजणीच बिघडते. काही गाड्यांत इंजिन बदलल्यावर हे मोजमाप संगणकाला स्कॅनरने पुन्हा शिकवावे लागते. ते केले नाही, तर नसलेल्या दोषाचाही दिवा लागू शकतो. अर्थिंगची पट्टी सैल राहिली, तर सेन्सरांचे निरोप वेडेवाकडे पोहोचतात आणि चांगले इंजिन आजारी भासते. यंत्रे बदलली, तरी गृहपालांनी आम्हाला विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही.

पालकांना आणि गाडी बाळगणाऱ्या सर्व मित्रांना माझी एक विनंती आहे. गाडी गॅरेजमध्ये देताना केवळ 'मिसिंग आहे' असे सांगून जाऊ नका. थंड इंजिनात होते की गरम, उभी असताना की चालताना, चढावर की सपाट रस्त्यावर, आणि कोणत्या कामानंतर सुरू झाले, हे लिहून द्या. काकांच्या घाटाने जे सांगितले, ते सांगायला कोणत्याही हत्याराला जमले नसते. इंजिन बदललेच, तर नव्या इंजिनाचा क्रमांक आरटीओ कार्यालयात नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून घ्या आणि खरेदीची पावती जपून ठेवा. काकांनी ते त्याच महिन्यात केले.

आपल्या शाळेतून दहावी होऊन आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुला-मुलींनाही थोडे सांगायचे आहे. हे काम तुम्हाला कोणी कमी लेखू लागले, तर मनाला लावून घेऊ नका. येथे रोज एखाद्या वस्तूवर आरोप येतो, आणि त्या वस्तूला बोलता येत नाही. तिच्या वतीने तपास करणारे तुम्हीच असता. पहिली खरेदी कॉम्प्रेशन गेजची आणि टेस्ट लॅम्पची करा, आणि समोरच्या माणसाचे बोलणे पूर्ण होईपर्यंत पाना हातात घेऊ नका. काकांच्या त्या ओम्नीने पुढे आणखी सात वर्षे मुलांची ने-आण केली, आणि त्या काळात तिचे इंजिन मी ठरलेल्या वेळी ऑइल बदलण्यापलीकडे कधी उघडले नाही.